नाकाला पदर

गावाचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की आजूबाजूची गावं ‘ते तसलंच आहे’ म्हणत हात झटकून मोकळी होतात, आणि मला कुणालाही मोकळं सोडायचं नाही. न्हावऱ्याच्या पुढे भीमेकडे उतरताना एक फाटा लागतो. एसटी तिथं सोडते, पुढचं पायी. पंचाहत्तर साली खुटबावहून माझी तिथल्या शाळेवर बदली झाली. शाळेच्या समोरच बापूसाहेबांचं घर होतं. बापूसाहेब म्हणजे सोसायटीचे चेअरमन. गावात झाडाचं पान हलायचं झालं तरी त्यांना विचारून हलायचं. लोखंडी फाटक, आत गुलाबाची झाडं आणि पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये लाल ट्रॅक्टर.

पहिल्याच आठवड्यात मला ती बाई दिसली. सकाळी शेतावर निघालेल्या बायांच्या घोळक्यात ती सगळ्यांत उंच, हाडाने रुंद, आणि चाल अशी की रस्ता तिच्या बापाचा असावा. बापूसाहेबांचं फाटक जवळ आलं की ती पदर नाकाला लावायची आणि कुंपण संपलं की सोडायची. जाताना तेच, येताना तेच. मला आधी वाटलं, मोठ्या घरापुढून जाताना तोंड झाकायची इथली रीत असेल. पण ती तोंड झाकत नव्हती, नाक धरत होती.

गावातल्या एकाला विचारलं. तो हसला. “ती व्हय? सोजरबाई. बौद्धवाड्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ढोरं सडली न्हवं का, तवापासनं तिच्या नाकात वास बसलाय. डोस्क्यावर परिणाम, दुसरं काय!”

मी त्या फाटकापाशी उभा राहून वास घेऊन पाहिला. गुलाब, शेण आणि डिझेल. गावाचं उघडं गटार तिथून पुढे होतं, उकिरडा त्याच्याही पुढे होता, आणि त्या दोन्ही ठिकाणांवरून ही बाई मोकळ्या नाकाने चालत जायची.

सोजरबाई कांद्यात कामाला जायची. लागणीला तिची ओळ कुणाला गाठता येत नसे. शेजारणीची ओळ मागे राहिली तर ती दोन हात तिकडेही मारायची आणि वर शिव्याही घालायची. जीभ म्हणजे विळाच. एकदा दुकानात मी तिच्या मागे उभा होतो. दुकानदाराने सुटे पैसे तिच्या हातावर वरून टाकले, विटाळ नको म्हणून. तिने ऐन वेळी हात मागे घेतला. पैसे जमिनीवर सांडले.

“उचल,” ती त्याला म्हणाली, “आन् नीट हातावर ठिव. मला तुझ्या हातचं चालतं.”

दुकानात चार माणसं होती. कुणी हसलं नाही, कारण हसायचं कुणाला हेच कुणाला कळेना. दुकानदाराने पैसे वेचले. मी त्या दिवशी घरी आलो तो या बाईचा भक्त होऊनच.

तिचा नवरा बन्सी कसा गेला, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. सांगणारे कुजबुजत सांगत आणि सांगून झालं की म्हणत, ‘जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय!’ या वाक्याइतकी शिसारी मला कशाचीच येत नाही. दुष्काळात बापूसाहेबांचा खिलारी बैल मेला. मेला तोही बौद्धवाड्याच्या पिण्याच्या पाण्याच्या झिऱ्याच्या तोंडावर. वाड्यातल्या लोकांनी छप्पन्न साली धर्म बदलला आणि मेलेली ढोरं ओढायचं काम तेव्हाच टाकलं होतं. बापूसाहेबांनी बन्सीला बैल ओढायला सांगितलं, बन्सी नाही म्हणाला. दुसऱ्याच दिवशी दुष्काळी कामावरच्या खडीच्या खाणीत बन्सी मरून पडलेला मिळाला. पोलीस आले, चहा प्याले आणि पाय घसरून पडला असं ठरवून गेले. घसरलेल्या माणसाची पाठ काळीनिळी कशी, हे कुणी कुणाला विचारलं नाही. बापूसाहेबांच्या धाकट्या भावाने, सर्जेरावाने, त्याला मारला हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि गाव जेवत होतं, झोपत होतं, हरिनाम सप्ताहाला टाळ कुटत होतं.

वाड्यातली माणसं पुण्याला जाऊन कलेक्टरसाहेबांपुढे गाऱ्हाणं घालणार अशी कुणकुण लागली, तसं गावाने त्यांचं सगळं तोडलं. टँकरचं पाणी बंद, पिठाची गिरणी बंद, दुकान बंद. मग त्याच लोकांनी मोठ्या दयाळूपणे समेट घडवला. चावडीवर पंच बसले. जेजुरीहून आणलेला भंडारा आणि बेलाचं पान सोजरबाईच्या हातावर ठेवलं. खंडोबाची आण, झाल्या गोष्टीचं अक्षर तोंडातून काढणार नाही, असं तिला कबूल करायला लावलं. तिचा दीर म्हाळू, त्यालाही उचलायला लावला. आणि बापूसाहेबांची चुलती दगडाबाई, तिलाही. दुष्काळाने बड्या घरच्या बायाही खडी फोडायला आणल्या होत्या आणि म्हातारीने खाणीवर सगळं पाहिलं होतं. आमच्या भागात बेल-भंडारा म्हणजे कोर्टाच्या वरचं कोर्ट. उचलला की माणूस मेला तरी शब्द मोडत नाही. भंडारा उचलला, पाणी सुटलं. समेट झाला म्हणून गावाने गूळ वाटला. वाटणाऱ्यांचे हात झडले नाहीत, याचंच मला नवल वाटतं.

एकदा शाळेच्या पायरीवर सोजरबाई टेकली होती. तिची लेक चांगुणा चौथी पास होऊन न्हावऱ्याच्या शाळेत जायची होती, तिचा दाखला न्यायला ती आली होती. मी सरळच विचारलं, “सोजरबाई, बन्सीचं काय झालं?”

“गुरुजी, तुमी इचारलं, बरं वाटलं. पर तुमी बदलीचा माणूस. तुमास्नी सांगून काय हुणार? मला समद्या गावाम्होरं गप केलं. गावाम्होरं कुनीतरी इचाराय पायजेल, तवा सांगीन.”

“कुणी न विचारता तूच सांग की.”

“आपनहून बोललं की येडी म्हनत्यात. म्हनतातच की आता. न्हाई, इचाराय पायजेल.” दाखला पदराच्या गाठीत बांधून ती उठली. “कुनीतरी इचारलच की कवातरी.”

तीन-चार वर्षं गेली. कुणी विचारलं नाही.

एकोणऐंशीच्या सुरुवातीला पुण्याच्या एका संस्थेची जीप गावात आली. ही संस्था गावोगाव फिरून माहितीपट दाखवी, चर्चा करी आणि तालुक्यातून एक ‘सलोख्याचं गाव’ निवडी. निवडलेल्या गावाला ढाल, पेपरात फोटो आणि पुढाऱ्याचं भाषण. बापूसाहेबांना जिल्हा परिषदेचे वेध लागले होते. त्यांनी संस्थेला कळवलं, आमच्या गावासारखा सलोखा तुम्हाला बॅटरी लावून सापडायचा नाही.

फिल्म इंग्रजीत होती. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला; अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांच्या पोरांबरोबर गोट्या खेळता खेळता इंग्रजी शिकलो. तेव्हा माइकवर मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. बापूसाहेबांनी मला घरी बोलावलं.

“गुरुजी, फिल्ममधी काय वंगाळ असलं तर गाळा. चांगलं तेवढं सांगा.”

“जे असेल ते सांगेन,” मी म्हणालो.

ते हसले. लहान पोराने हट्ट केला की मोठी माणसं हसतात तसं.

त्यांनी तयारी मात्र जय्यत केली. सोसायटीचं गोदाम रिकामं केलं, खिडक्यांना पोती लावून आत अंधार केला. हॉटेलाच्या वळचणीला बौद्धवाड्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबश्या त्या दिवसापुरत्या पोत्यात घालून लपवल्या. सगळ्यांना एकसारखा चहा म्हणून शिरूरहून नवे कप आणले, आणि चहा वाटणाऱ्याला सांगितलं, वाड्यातल्यांनी प्यालेले कप ध्यानात ठेव, मागाहून त्यांचे कान फोडायचे, म्हणजे ओळखू येतील. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ज्यांच्यापुढे मिरवायचं ते पाहुणे परत जाईपर्यंतही यांना दम नव्हता. सोजरबाईला नवं लुगडं पाठवलं. तिने पाहुण्यांपुढे उभं राहून ‘आमच्या गावात भेदभाव न्हाई’ एवढंच म्हणायचं होतं. ज्या घरातला माणूस मारला त्याच घरातली बाई साक्षीला उभी करायची, केवढा हा कोडगेपणा! सोजरबाईने लुगडं परत केलं नाही. अंगावर मात्र तिने आपलं जुनंच ठेवलं आणि नवं चांगुणाच्या हाती देऊन म्हाळूच्या शेळीच्या अंगावर टाकायला सांगितलं. थंडीत शेळी व्याली होती.

दुपारी गोदाम भरलं. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, संस्थेच्या एक बाई आणि त्यांचे दोन सोबती. मग गावकरी, डावीकडे बायका. दाराशी, युरियाच्या फाटक्या पोत्यांवर, वाड्यातली माणसं. ‘सगळे एकत्रच बसतो आम्ही,’ बापूसाहेब बाईंना सांगत होते, आणि बाई मान डोलवत होत्या. युरियाचा वास डोळ्यांत जात होता.

फिल्म कोस्टा रिका नावाच्या देशाची होती. मध्य अमेरिकेतला छोटा देश, आपल्या दोन-चार जिल्ह्यांएवढा. तिथं अठ्ठेचाळीस साली निवडणुकीवरून आपापसातच लढाई पेटली. महिना-दीड महिना भाऊ भावाला मारत होता. रस्त्याकडेची प्रेतं पडद्यावर दिसली, तशा बायका चुकचुकल्या. मग जिंकलेल्या पुढाऱ्याने हातात घण घेतला आणि लष्कराच्या किल्ल्याच्या भिंतीवर घातला. आजपासून आपल्या देशाला लष्कर नाही! किल्ल्याचं संग्रहालय होणार, बंदुकीचा पैसा शाळांना जाणार. गोदामात टाळ्या पडल्या. बापूसाहेबांनी सर्वांत आधी वाजवल्या. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

पण फिल्म तिथं संपली नाही. संपली असती तर बरं, असं पुढं पुष्कळांना वाटलं असेल. हरलेल्यांचं काय झालं, ते आता दाखवत होते. कुणी परागंदा झाले, कुणी तुरुंगात गेले. काही कैद्यांना तर लढाई संपून कितीतरी महिने झाल्यावर रेल्वेने नेता नेता वाटेत उतरवून गोळ्या घातल्या. मग एक म्हातारी दिसली. काळा झगा, मांडीवर सुपासारखं काहीतरी, त्यात ती कॉफीच्या बिया निवडत होती. विचारणाऱ्याने तिला विचारलं, तुमच्या मुलाचं काय झालं?

म्हातारीने बिया निवडायचं थांबवलं. ती बोलली, खाली इंग्रजी अक्षरं आली आणि मी माइकवर गावाच्या बोलीत सांगितलं, “लोक इथं येत्यात, घण कुठं बसला ती भिंतीवरची खूण बघत्यात, फोटू काढत्यात आन् जात्यात. माझ्या लेकाचं काय झालं म्हणून आजवर कुणी इचारलं न्हाई. तुमी पहिलं.”

मी दाराकडे पाहिलं. अंधारात चेहरे दिसत नव्हते. पोत्यांवरची एक उंच आकृती मात्र ताठ बसली होती, आधी भिंतीला टेकून होती ती.

पोती निघाली, उजेड आला. संस्थेच्या बाई रुमालाने डोळे टिपत होत्या. बापूसाहेबांनीही धोतराचा सोगा डोळ्याला लावला आणि माइक घेतला. काय त्या म्हातारीचं दुःख, म्हणे. काळजाला घरं पडली, म्हणे. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, तशातली गत. “तिकडं लष्कर मोडावं लागलं,” ते म्हणाले, “आमच्याकडं मोडायला लष्करच न्हाई! आमचा तंटा चावडीत सुरू होतो आन् चावडीतच मिटतो. विचारा कुणालाही. ही आमची सोजरबाई. विचारा तिला!”



संस्थेच्या बाईंनी हसून दाराकडे पाहिलं. “मावशी, उभ्या राहा ना. लाजू नका. ही फिल्म बघून तुम्हाला काय आठवलं?”

चर्चेचा तो त्यांचा नेहमीचा प्रश्न असावा. शंभर गावांत विचारून गुळगुळीत झालेला. पण प्रश्न होता. गावासमोर होता.

सोजरबाई उभी राहिली. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोदाम पाहून घेतलं, कुणी राहिलं तर नाही ना असं.

“बैल,” ती म्हणाली.

लोक हसले. बापूसाहेब सर्वांत मोठ्याने हसले. “बघा! भोळी माणसं आमची.”

“बापूसायबांचा बैल,” ती म्हणाली, आणि हसणं तिथंच अर्धवट राहिलं. “दुष्काळात आमच्या झिऱ्याच्या तोंडावर मेला. बापूसायेब म्हनलं, बन्सी, वढ. माझा मालक म्हनला, आमी त्ये काम सोडलं, तुमचा बैल तुमी वढा. येवढंच म्हनला. शिवी न्हाई, वर मान न्हाई. दुसऱ्या दिशी खाणीत सर्जेरावानं आन् त्येच्या दोन गड्यांनी त्येला कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारला. म्या वरच्या अंगाला पाटी घिऊन हुबी व्हते. घसरला न्हाई त्यो. आजपासनं कुनी घसरला म्हनू नगा.”



“बैल तसाच पडला. फुगला, फुटला. कुत्री पोट फाडून आत शिरली, आळ्या झिऱ्यात उतरल्या. त्येच पानी आमी पदरानं गाळून प्यालो, दुसरं व्हतंच कुठं? आन् मग एक दिस बापूसायबांनी शेडमधला टॅक्टर काढला, साखळी लावली आन् घटकाभरात बैल माळावर नेऊन टाकला.” ती बापूसाहेबांकडे वळली. “टॅक्टर व्हताच की वं घरात! पहिल्या दिशीबी शेडमधीच हुबा व्हता. मंग माझा बन्सी कशापायी पायजे व्हता तुमास्नी?”

बापूसाहेब ताडकन पुढे झाले. चेहरा लालभडक. “सोजरे! बेल-भंडारा उचललाय तू! पंचांसमोर उचललायस, ह्यातलं अक्षर बोलणार न्हाई म्हणून!”

आपण काय बोलून बसलो, ते त्यांना इतरांच्या चेहऱ्यांवरून कळलं असावं. सात वर्षं गावाने जपलेलं खोटं त्यांनी स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या माइकपुढे, एका दमात ओकून टाकलं. बन्सी घसरून पडला असता, तर त्याच्या बायकोच्या हातावर गप्प बसायचा भंडारा कशाला ठेवला असता?

“उचलला की,” सोजरबाई शांतपणे म्हणाली. “काय बोलायचं न्हाई म्हणून उचलाय लावला, त्ये बी सांगा पाव्हन्यास्नी.”

“खंडोबा बघून घेईल तुला, रांडे!”

“आमी देव कवाच सोडलं, बापूसायेब. पानी द्यायच्या टायमाला बरं तुमच्या ध्येनात असतं आमी कोन त्ये. शपथ घालायच्या टायमाला इसरला व्हय? तुमी हातावर ठिवली ती माझ्या लेखी निस्ती हळद. म्या ती मुठीत धरून घरी नेली आन् आमटीत टाकली. दुष्काळात हळद कुठं बघाय मिळत व्हती! चांगली पिवळी आमटी झाली. पोरीनं दोन डाव मागून घेटली.”

कुणाच्या तरी नरड्यातून फसकन हसू निसटलं आणि लगेच दाबलं गेलं. मी मात्र मनात म्हटलं, शाबास! बौद्धाला खंडोबाची आण घालायची, असली चूक आमच्या सवर्णांनीच करावी. माणसं धर्म बदलतात, आपल्या डोक्यातले देव उचलून घराबाहेर ठेवतात, एवढी मोठी गोष्ट शेजारच्या वाड्यात घडते आणि गावाला तिचा पत्ता नसतो. विटाळ पाळायला ते वेगळे, आणि शपथेला बांधायला मात्र आपले! सात वर्षं गाव निर्धास्त होतं, ते कशाच्या जोरावर, तर आमटीत विरघळलेल्या चिमूटभर हळदीच्या.

संस्थेच्या बाई चुळबुळल्या. रुमाल पर्समध्ये गेला होता. “हे बघा मावशी,” त्या म्हणाल्या, “हा तुमचा स्थानिक विषय झाला. त्यात आम्हाला पडता येणार नाही. आपण फिल्मबद्दल बोलूया ना?”

“तुमीच इचारलं न्हवं, बाई?” सोजरबाईने खरोखरच नवल वाटून विचारलं. “त्या म्हातारीनं सांगितलं तवा तुमी डोळं पुसत व्हता. म्या येगळं काय सांगितलं?”

बाई घड्याळाकडे पाहू लागल्या. सात समुद्रांपलीकडच्या मढ्यावर हुंदके देणारी ही माणसं, पायाशी मढं निघालं तर साडी सावरतात. बापूसाहेबांची किळस मला तीन-चार वर्षांची, सवयीची होती. या बाईंची ताजी होती, म्हणून जास्त झोंबली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने दगडाबाई उठली. सत्तरी उलटलेली, कपाळावर कोरभर कुंकू, घरात रोज खंडोबाची तळी भरणारी. बापूसाहेब ओरडले, “काकी, खाली बसा!” म्हातारी बोलली नाही. तिने भंडारा उचलला होता आणि तिच्या लेखी ती नुसती हळद नव्हती. ती ओठ घट्ट मिटून सगळ्या गोदामातून काठी टेकत दारापर्यंत गेली आणि युरियाच्या पोत्यावर, सोजरबाईच्या शेजारी, बसली. शपथ मोडली नाही आणि साक्षही दिली. सर्जेराव मागच्या रांगेतून उठून बाहेर गेला.

पुढचं सांगतानाही तोंड कडू होतं. म्हाळू आणि मी शिरूरच्या पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज दिला. फार जुनं झालं म्हणाले, चौकशी करू म्हणाले, केली नाही. सर्जेराव मिशीला पीळ देत हिंडत राहिला. आणि महिन्याभराने संस्थेचं कार्ड आलं: गावाला ‘सलोख्याचं गाव’ स्पर्धेत उत्तेजनार्थ पारितोषिक! मी ते दोनदा वाचलं आणि बाहेर जाऊन थुंकलो. सोजरबाईला गावात कुणी कामाला बोलवेना. ती पहाटे उठून न्हावऱ्याला कांद्याची पात कापायला चालत जाऊ लागली. माझ्या हातात कासुर्डीच्या बदलीचा कागद पडला.

पण एक झालं. त्यानंतर बन्सी ‘घसरला’ हा शब्द कुणाच्या तोंडून मी ऐकला नाही. आणि एक दिवस शाळेच्या दारातून मला दिसलं, बापूसाहेबांच्या फाटकापुढून दगडाबाई निघाली होती, स्वतःच्याच पुतण्याच्या घरापुढून, आणि तिने पदर नाकाला लावला होता. आठवड्याभराने आणखी एक-दोघी शेतकरी बाया तसंच करताना दिसल्या.

मी ट्रंक घेऊन फाट्याकडे निघालो, त्या सकाळी सोजरबाई पुढे चालत होती. बापूसाहेबांचं फाटक आलं. मी सवयीने तिच्या हाताकडे पाहिलं. पदर खांद्यावर तसाच राहिला. गुलाबांपुढून, शेडपुढून, त्या लाल ट्रॅक्टरपुढून ती मोकळ्या नाकाने निघून गेली.

मी गाठून विचारलं, “काय सोजरबाई, वास गेला का?”

“न्हाई गुरुजी, जातुय कशाचा!” ती न थांबता म्हणाली. “पर आता समद्यास्नी याय लागलाय. म्या एकटीनंच कशाला नाक धरू?”